क्लिंगॉनचे व्याकरण आणि खानदेशातील बोली : दैनंदिन वाक्यांच्या अनुवादातून भाषेचा अभ्यास

१. प्रस्तावना

मागील घटकांत ध्वनी, रूप आणि वाक्य या तीन स्तरांवर आपण मराठीची रचना पाहिली. तीच साधने या घटकात आपण दोन वेगळ्या भाषांना लावून पाहणार आहोत. पहिली क्लिंगॉन, म्हणजे चित्रपटातील परग्रहवासी पात्रांसाठी एका भाषाशास्त्रज्ञाने बेतलेली कृत्रिम भाषा. दुसरी अहिराणी. धुळे व नंदुरबार जिल्हे, जळगाव जिल्ह्याचा पश्चिम भाग आणि नाशिक जिल्ह्यातील बागलाण-मालेगावचा परिसर येथे ती घराघरांत बोलली जाते.

ही जोडी विजोड वाटण्याचा संभव आहे; पण ती मुद्दाम निवडली आहे. क्लिंगॉनला छापील व्याकरण आहे, पण ती सहज बोलणारी माणसे फार थोडी. अहिराणी बोलणारी माणसे लाखो आहेत, पण तिला व्याकरण आहे ही गोष्ट तिच्या भाषकांनाच पुष्कळदा पटवून द्यावी लागते. धुळ्या-जळगावच्या महाविद्यालयांत मराठी विषय घेतलेले विद्यार्थी “घरी आम्ही अशुद्ध बोलतो” असे अगदी सहज म्हणून जातात. ‘अशुद्ध’ हे विशेषण भाषावैज्ञानिक कसोटीवर कितपत टिकते, हे तपासणे हा या घटकाचा हेतू आहे. त्यासाठी आपण मोठमोठे सिद्धान्त घेणार नाही. भूक लागणे, निरोप घेणे, पोरांना हाका मारणे अशा रोजच्या प्रसंगांतील वाक्ये घेऊ.

२. क्लिंगॉन भाषेची पार्श्वभूमी

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी कथामालेतील क्लिंगॉन हे लढवय्ये लोक. १९७९ च्या चित्रपटात त्यांच्या तोंडी काही तुटक शब्द होते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने त्या शब्दांना सामावून घेणारी पूर्ण भाषा रचली आणि १९८५ मध्ये तिचा कोश व्याकरणासह प्रसिद्ध केला. पुढे १९९२ मध्ये अमेरिकेत या भाषेच्या अभ्यासासाठी ‘क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन झाली. ‘हॅम्लेट’चा क्लिंगॉन अनुवाद तिने प्रसिद्ध केला आणि ती भाषेच्या परीक्षाही घेते.

पुढील उदाहरणे देवनागरीत दिली आहेत. नुक्ता असलेली क़, ख़, ग़ ही अक्षरे घशात खोलवर उच्चारायची आहेत. हवा गळ्यात क्षणभर अडवून सोडल्याने होणारा ध्वनी अवग्रहाने (ऽ) दाखवला आहे.

३. वर्णमालेतील एकाकी ड

ओक्रँड यांनी क्लिंगॉनचे ध्वनी निवडताना एक युक्ती केली. प्रत्येक ध्वनी कोणत्या ना कोणत्या मानवी भाषेत सापडतो. पण त्यांचा मेळ मात्र मानवी भाषांत सहसा आढळत नाही असा आहे. ही युक्ती कुणाही इंग्रजी विद्यार्थ्यापेक्षा मराठी विद्यार्थ्याच्या अधिक लवकर ध्यानात यावी. आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार लावलेली आहे. ट, ठ, ड, ढ, ण ही मूर्धन्यांची पूर्ण ओळ आपण पहिलीपासून पाठ करतो. क्लिंगॉनमध्ये मूर्धन्य ड आहे, पण त्याच्या शेजारचा ट नाही. त्याऐवजी दातांच्या बाजूचा त आहे आणि त्या त चा जोडीदार द नाही. मूर्धन्य ष आहे, पण साधा स नाही. क आणि ग यांच्या जागा रिकाम्या आहेत. आपल्या वर्णमालेतील ङ हा मराठीत शब्दारंभी कधीच येत नाही. क्लिंगॉनमध्ये तो खुशाल शब्दाच्या तोंडाशी बसतो. आपल्याला वर्णमालेचा तक्ता पाठ असल्यामुळेच हे भोके पडलेले तक्ते ओळखता येतात.

आता अहिराणीकडे वळा. प्रमाण मराठीतील ळ हा अहिराणीत य होतो : डोळा-डोया, काळा-काया, शाळा-शाया. जळगावच्या पूर्वेकडील यावल, रावेर, भुसावळ भागातल्या लेवा गणबोलीतही हाच बदल दिसतो. बोलणाऱ्याला ळ ‘जमत नाही’ म्हणून तो य म्हणतो, असे सांगितले जाते. परंतु ‘जमत नाही’ हे स्पष्टीकरण मानले, तर चूक कधी होईल, कधी होणार नाही. एकदा य होईल, एकदा ल. येथे तसे होत नाही. अमुक ध्वनीच्या जागी तमुक ध्वनी, असे नाते शब्दामागून शब्दात आढळते. अशा नियमिततेला भाषाविज्ञानात ध्वनिनियम म्हणतात. संस्कृतातून प्राकृतात आणि प्राकृतातून मराठीत येताना जे झाले, त्याच जातीची ही गोष्ट आहे.

४. कर्ता, कर्म आणि क्रियापदाचे ओझे

क्लिंगॉन वाक्यात आधी कर्म, मग क्रियापद, शेवटी कर्ता असा क्रम असतो. ‘पुक़’ म्हणजे मूल, ‘याष’ म्हणजे अधिकारी, ‘लेग़’ म्हणजे पाहणे. ‘पुक़ लेग़ याष’ याचा अर्थ ‘अधिकारी मुलाला पाहतो’; ‘याष लेग़ पुक़’ म्हटले की मूल अधिकाऱ्याला पाहू लागते. हा क्रम जगातील भाषांत दुर्मीळ आहे. ब्राझीलमधील ॲमेझॉनच्या खोऱ्यातील हिश्कारियाना या भाषेत तो आढळतो. नामांना विभक्तिप्रत्यय लागत नसल्याने कोण कोणाला पाहतो हे केवळ जागेवरून ठरते. मराठीत ‘मुलाला अधिकारी पाहतो’ आणि ‘अधिकारी मुलाला पाहतो’ यांत भर बदलतो, घटना बदलत नाही. कारण ‘ला’ आपले काम चोख करतो. एका भाषेने जे काम क्रमाकडे दिले, ते दुसरीने प्रत्ययाकडे दिले, एवढाच हा फरक आहे.

हा ‘ला’ अहिराणीत ‘ले’ होतो : मले, तुले, रामले. येथे केवळ ल च्या पुढचा स्वर बदललेला नाही. ‘रामाला’ म्हणताना मराठीत आपण आधी ‘रामा-’ असे सामान्यरूप करतो, ‘घरात’ म्हणताना ‘घरा-’ करतो. अहिराणीत ‘रामले’, ‘घरमा’, ‘गावले’ अशी रूपे होतात. प्रत्यय सरळ मूळ शब्दाला लागतो. षष्ठीचे प्रत्यय ना, नी, नं : रामना भाऊ, रामनी बहीन, रामनं घर. हे ‘मा’ आणि ‘ना-नी-नं’ गुजरातीच्या जवळचे आहेत, हे सुरत-नवापूरच्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांना सांगावे लागू नये. सामान्यरूप हा मराठी शिकणाऱ्या परभाषकांना सर्वांत छळणारा भाग आहे. अहिराणीने त्याचे बरेचसे ओझे कमी केले आहे. याला मोडतोड म्हणायचे, तर इंग्रजी ही जगातील सर्वांत मोडलेली भाषा ठरेल.

क्लिंगॉनचे क्रियापद आणखी एक काम करते. कर्ता आणि कर्म या दोघांची मिळून एकच खूण ते आपल्या डोक्यावर घेते. ‘क़ालेग़’ म्हणजे ‘मी तुला पाहतो’, ‘चोलेग़’ म्हणजे ‘तू मला पाहतोस’, ‘मुलेग़’ म्हणजे ‘तो मला पाहतो’. असे एकूण २९ पूर्वप्रत्यय आहेत. विद्यार्थ्यांना हे फार अपरिचित वाटते. पण ‘तू पोळी खाल्लीस’ हे वाक्य पाहा. ‘खाल्ली’ हे रूप पोळीच्या लिंगवचनाप्रमाणे आहे आणि शेवटचा ‘स’ कर्त्यासाठी, म्हणजे ‘तू’साठी आहे. कर्म आणि कर्ता या दोघांच्या खुणा एकाच क्रियापदावर. आपल्या व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर प्रयोग म्हणतात, आणि परीक्षेपुरता तो पाठ करून आपण विसरून जातो. परग्रहवासीयांसाठी जे योजावे लागले, त्याचे एक रूप आपल्या स्वयंपाकघरात बोलले जात होतेच.

५. काही दैनंदिन वाक्ये

‘मला भूक लागली.’ अनुवादाला हे सोपे वाक्य वाटते. मराठीत येथे भूक ही व्याकरणदृष्ट्या कर्त्याच्या जागी आहे. ती येते आणि ‘मला’ लागते. मी केवळ तिचा अनुभव घेणारा. अहिराणीत ‘मले भूक लागनी’. रचना तीच, ‘ला-ली’ऐवजी ‘ना-नी’ हा भूतकाळाचा प्रत्यय अनेक धातूंना लागतो : बसना, लागनी, उना (आला), उनी (आली). क्लिंगॉनमध्ये ‘ग़ुंग’ म्हणजे ‘भुकेले असणे’ असे क्रियापदच आहे. विशेषणे बहुतेक अशीच क्रियापदे असतात. ‘जिग़ुंग’ म्हणजे ‘मी भुकेला आहे’. भुकेने माझ्यावर काही केले, हा भाव या वाक्यात आणण्याची सोय नाही. नकारासाठी शेवटी ‘बेऽ’ जोडतात : जिग़ुंगबेऽ. प्रश्नासाठीही क्रियापदाच्या शेवटी प्रत्यय लागतो : ‘बिग़ुंगऽआऽ’, म्हणजे ‘तुला भूक लागली का?’ हा शेवटचा ‘ऽआऽ’ आणि ‘भूक लागनी का?’ मधला ‘का’ वाक्यात एकाच जागी उभे आहेत. ‘त्याला भूक लागली असावी’ आणि ‘लागलीच असणार’ यांतला फरक क्लिंगॉन ‘लाऽव’सारख्या ध्वनीचा एक आणि ‘बेज’ हा दुसरा, अशा निश्चितीच्या प्रत्ययांनी दाखवते. बोलणाऱ्याला आपल्या माहितीची कितपत खात्री आहे, हे सांगण्याची गरज सर्वांनाच पडते.

आता निरोपाचा शब्द. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. अहिराणीतही ‘येस मी’. जाण्याची क्रिया येण्याच्या क्रियापदाने बोलायची, कारण ‘जाणे’ अशुभ. याचा क्लिंगॉन अनुवाद करायला बसलो तर ‘ग़ोष’ हे क्रियापद हाती येते. ते येणे, जाणे, जवळ जाणे, मार्गक्रमण करणे या सगळ्यांसाठी चालते. ‘जिग़ोष’ म्हटले की शब्दशः काम झाले, पण मर्म गेले. जिथे येणे आणि जाणे वेगळे नाही, तिथे एक टाळून दुसरे उच्चारण्यात अर्थ राहत नाही. म्हणून ‘परतणे’ या अर्थाचे ‘चेग़’ घेऊन ‘जिचेग़’ (मी परत येतो) म्हणणे माझ्या मते अधिक योग्य. तरीही उंबरठ्याजवळ थांबलेली आई त्यात येत नाही. क्लिंगॉन स्वतः निरोप घेताना ‘क़्ख़ाप्लाऽ’ म्हणतात, म्हणजे ‘यश’. भेटल्यावर म्हणायचा शब्द ‘नुक़नेख़’, त्याचा अर्थ ‘तुला काय हवे?’ असा रोखठोक आहे. हे ऐकून विद्यार्थी हसतात. मग पारोळ्याच्या बसथांब्यावर ओळखीचा माणूस भेटल्यावर ‘कोठे चालना?’ असे विचारतात, ते काय आहे, असा प्रश्न मी करतो. त्या प्रश्नाला कुणी गावाचे नाव सांगून उत्तर देण्याचे बंधन नसते. तो प्रश्न नव्हेच. ते अभिवादन आहे.

‘असणे’ या क्रियापदाची अडचण तर प्रसिद्ध आहे. क्लिंगॉनमध्ये ते नाही. सर्वनामच त्याचे काम करते. ‘त्ल्हिंगान जिख़’ म्हणजे शब्दशः ‘क्लिंगॉन मी’. १९९१ च्या चित्रपटात हॅम्लेटच्या विख्यात स्वगताचा आरंभ क्लिंगॉनमध्ये हवा होता. मूळ वाक्य ‘असण्या’वरच उभे असल्याने ‘टिकून राहणे’ या अर्थाच्या ‘ताख़’ या शब्दावर ते बेतावे लागले. आपल्याकडे ‘आहे’ आणि अहिराणीत ‘शे’ : ‘तुन्हं नाव काय शे?’ तथापि ‘हे माझे गाव’, ‘तो माझा भाऊ’ अशी क्रियापदाविना वाक्ये आपणही बोलतो, हे विसरू नये.

सर्वांत उद्बोधक वाटतो तो अनेकवचनाचा प्रकार. क्लिंगॉन नामांना लिंग नाही. पण अनेकवचनाचे तीन प्रत्यय आहेत. शरीराच्या अवयवांसाठी एक, भाषा बोलू शकणाऱ्यांसाठी ‘पुऽ’ आणि उरलेल्या सर्वांसाठी ‘मेय’. मुले बोलू शकतात, म्हणून ‘पुक़पुऽ’. पण कुणी ‘पुक़मेय’ म्हटले, तर ती चूक ठरत नाही. त्याचा अर्थ ‘जिकडेतिकडे विखुरलेली पोरे’ असा होतो. सुट्टीत वाड्यात जमलेल्या भाचरंडांसाठी यापेक्षा नेमके रूप मराठीतही सापडायचे नाही. एखादा प्रत्यय ‘चुकीच्या’ जागी लावल्याने नवा अर्थ कसा निर्माण होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

शब्दसंग्रहाबाबत मात्र क्लिंगॉन लवकर थकते. युद्धाचे, नौकांचे शब्द विपुल, घरातले तोकडे. पावासाठी ‘तिर ङोग़’ असा जोडशब्द आहे, म्हणजे ‘धान्याची ढेप’. तो ज्वारीच्या भाकरीला लावावा काय? कळण्याच्या भाकरीला? १९९० च्या दशकात एका अमेरिकी अभ्यासकाने आपल्या मुलाशी पहिली काही वर्षे केवळ क्लिंगॉनमध्ये बोलण्याचा प्रयोग केला. घरातल्या साध्यासुध्या वस्तूंना शब्द नसण्याची अडचण त्याला सतत आली, आणि मुलाने पुढे ती भाषा सोडून दिली. उलट, भरताच्या वांग्यापासून केळीच्या बागेपर्यंत प्रत्येक वस्तूला, तिच्या प्रत्येक अवस्थेला खानदेशातील बोलींत शब्द आहेत. ते कोशात किती आले, हा निराळा प्रश्न.

६. बरोबर कोणते, हे कोण ठरवते?

क्लिंगॉनमध्ये या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ओक्रँड यांनी दिलेला शब्द अधिकृत; इतरांनी बनवलेला नाही. अभ्यासक मंडळी नव्या शब्दासाठी त्यांच्याकडे मागणी करतात आणि वाट पाहतात. वाक्य पुस्तकाशी ताडून पाहता येते.

मराठीचे प्रमाण रूप असे एका माणसाने घडवले नाही, पण तेही आकाशातून पडलेले नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. या ग्रंथांनी, शाळाखात्याने आणि छापखान्यांनी मिळून एका प्रदेशाच्या व एका वर्गाच्या बोलीला प्रमाणपद दिले. प्रमाणभाषा आवश्यक आहे. हा घटकही तिच्यातच लिहिला आहे. परंतु प्रमाण असणे म्हणजे व्याकरण असणे नव्हे, आणि प्रमाण नसणे म्हणजे व्याकरण नसणे नव्हे.

अहिराणीची लेखी नोंद पाहायची, तर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या ‘लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया’च्या नवव्या खंडाचा तिसरा भाग (१९०७) पाहावा लागतो. त्यात खानदेशी ही भिल्ली भाषांच्या शेजारी, मराठीपासून वेगळी ठेवली आहे. पुढील अभ्यासकांत याविषयी मतभेद आहेत. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी स्वतंत्र मोजली असून तिच्या भाषकांची संख्या १८ लाखांहून अधिक आहे. ग्रिअर्सन यांची पद्धत आपल्या विषयाला फार जवळची आहे. देशभर त्यांनी एकच बायबलातील कथा आणि शब्द-वाक्यांची एकच यादी स्थानिक भाषांत उतरवून घेतली. तुझे नाव काय, हा घोडा किती वर्षांचा, येथून काश्मीर किती लांब, अशा आशयाचे प्रश्न त्या यादीत होते. तापीकाठच्या शेतकऱ्याला काश्मीरचे अंतर विचारणे गमतीचे आहे. वाक्य व्याकरणाने बरोबर उतरेल. पण ते तिथे कुणी कधी म्हणाले असेल असे वाटत नाही. यादीवरून केलेल्या अनुवादाची मर्यादा येथेच दिसते. प्रत्यय मिळतात, बोलणे मिळत नाही.

येथे ओक्रँड यांच्याविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. क्लिंगॉन रचण्यापूर्वी, १९७७ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत त्यांनी मुत्सुन या कॅलिफोर्नियातील आदिवासी भाषेच्या व्याकरणावर प्रबंध लिहिला. मुत्सुन अस्खलित बोलणारी अखेरची स्त्री १९३० मध्ये वारली होती. तिच्या अखेरच्या काळात जे. पी. हॅरिंग्टन या संशोधकाने तिच्याकडून जे टिपून घेतले होते, त्या कागदांच्या आधारे हे व्याकरण उभे राहिले. पुढे त्या समाजातील लोकांनी आपल्या पूर्वजांची भाषा पुन्हा शिकायला घेतली, तेव्हा त्यांना हेच कागद उपयोगी पडले. पण एखादे रूप नोंदीत नसले, की विचारायला कुणी नाही. ओक्रँड यांना क्लिंगॉनमध्ये असा खाडा पडला, तर ते नवे रूप बनवू शकत. मुत्सुनमध्ये तसे करता येत नव्हते.

आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुत्र सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवले, म्हणून १९५२ मध्ये त्यांची गाणी ग्रंथरूपाने आली आणि लेवा गणबोलीची क्रियापदे, प्रत्यय, शब्द आज आपल्यासमोर अभ्यासाला आहेत. त्या वह्या नसत्या तर काय उरले असते, याचा विचार भाषेच्या अभ्यासकाने कवितेच्या बाजूइतकाच व्याकरणाच्या बाजूनेही करावा.

७. स्वाध्याय

प्रथम ‘तू मला पुस्तक दिलेस’ या वाक्यातील क्रियापदाचे घटक वेगळे करा आणि प्रत्येक घटक कोणाशी सुसंगत आहे ते लिहा. मग क्लिंगॉनमधील ‘चोलेग़’ या रूपाशी त्याची तुलना करा. दोन्हींत काय सारखे, आणि लिंगाच्या बाबतीत काय वेगळे, हे चार-पाच वाक्यांत मांडा.

त्यानंतर आपल्या घरातील किंवा गल्लीतील तीन वेगवेगळ्या वयांच्या व्यक्तींकडून पाच प्रसंगांतील बोलणे मिळवा : जेवायला बोलावणे, निरोप घेणे, मुलाला रागावणे, वाट विचारणे, पाहुण्याला बसवणे. ‘या वाक्याचे अहिराणीत काय होते?’ असे विचारू नका. तसे विचारले की समोरची व्यक्ती तुमच्याच वाक्याचे प्रत्यय बदलून देईल. ‘अशा वेळी तुम्ही काय म्हणता?’ असे विचारा आणि शक्य असेल तर तो प्रसंग घडू द्या. ऐकले तसेच देवनागरीत लिहा. ळ ऐकला नसेल तर ळ लिहू नका. ‘तसं नाही, नीट सांगते’ असे म्हणून आजीने वाक्य प्रमाण मराठीत फिरवले, तर दोन्ही वाक्ये नोंदवा, आणि तिने कोणते शब्द व प्रत्यय बदलले त्यांखाली रेघ ओढा. प्रत्येक नोंदीवर गाव, तालुका, बोलणाऱ्याचे वय आणि तारीख घाला.